सात घरांची ज्वारी

चतुराबाईंनी मडकं मास्तरांच्या पिशवीत उपडं केलं, बुडाला चिकटलेले दाणे बोटानं खरवडून काढले आणि तेही आत टाकले.

“राहू द्या हो, तेवढ्यानं काय होतंय,” राधाकिशन मास्तर म्हणाले.

“कावून राहू द्या? शनवारचं हाय ते. शनवारचं समदं त्या लेकराचं.” म्हातारीनं मडकं पुन्हा कोपऱ्यात ठेवलं. “जेवतंय का पोटभर?”

“जेवतो. आता परीक्षा जवळ आलीय त्याची.”

“मग त्या खानावळवाल्याला कळवा, शनवारी दोन भाकरी जास्ती वाढ म्हणावं. म्हातारीचा दिस हाय.”

मास्तर हसले. पिशवी खांद्याला अडकवून ते बाजाराकडे निघाले.

घाटनांदूरच्या शाळेत मास्तर बरीच वर्षं शिकवत होते. मोमिनाबादच्या हायस्कुलातून कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला की त्याचा बाप मास्तरांकडे यायचा. हैद्राबादेला कुठल्या कॉलेजात घालावं, फी माफ व्हायला नादारीचा अर्ज कधी करावा, राहायला खोली कुठे मिळेल, हे मास्तर खाली मान घालून सांगत. माणूस गेल्यावर, आपण सांगितलं ते बरोबर होतं ना, अशी शंका त्यांना दिवसभर छळत असे. तरी त्यांनी पाठवलेली पाच-सहा मुलं शिकून मार्गी लागली होती. ती सारी ब्राह्मणांची होती. फी माफ व्हायची आणि जेवायला वार लागायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं मिळाली की आठवडा भागायचा. मास्तर स्वतः औरंगाबादेला असेच शिकले होते. त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. निदान आता तसं आठवत नव्हतं.

शहादेव हा गावातल्या कुणब्याच्या घरचा पहिलाच मॅट्रिक. त्याचे वडील भगवानराव यांच्या रानात घरापुरतं पिकायचं. विकायला काही उरत नसे, पण कुणाचं देणंही नव्हतं. मोमिनाबादेला असेतोवर पोर आईच्या भाकरीवर शिकलं; दर बाजाराला फडक्यात बांधून जायची. हैद्राबादेसाठी भगवानरावांनी म्हैस विकली. त्यात पुस्तकं आणि माफीनंतर उरलेली फी झाली.

“खाण्याचं कसं मास्तर?” त्यांनी विचारलं होतं. “भाकर तिथवर पोचंस्तोवर बुरसंल.”

“लावतो मी सोय,” मास्तर म्हणाले होते.

भगवानरावांनी हात जोडले. पुढे काही विचारलं नाही.

हैद्राबादेच्या ओळखीच्या घरांत शहादेवला पानावर कुणी बसवून घेणार नाही, हे मास्तरांना कुणी सांगावं लागलं नाही. दोन रात्री त्यांना झोप आली नाही. मग त्यांना सुचलं, की घरं तिथली कशाला हवीत? गावातल्याच सात घरांनी एकेक वार घ्यावा. आपल्या वारी एका माणसाच्या पोटाची ज्वारी मडक्यात टाकावी. मास्तर बाजारच्या दिवशी ती गोळा करून विकतील आणि पैसे खानावळीला धाडतील. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही आपल्या डोक्यातून निघालं, म्हणून ते मनातून सुखावले होते. गुरुवार सुंदररावांनी घेतला. त्यांची जमीन गावात सगळ्यांत मोठी. शनिवार चतुराबाईंनी मागून घेतला. रविवार मास्तरांचा स्वतःचा. रविवारी त्यांच्या पत्नी वत्सलाबाई दळायला बसल्या की आधी एका माणसाचे दाणे बाजूला काढत.

हे भगवानरावांना सांगायचं मात्र राहून गेलं.

त्या दिवशी बाजारात सुंदरराव आडत्याच्या दुकानापुढे बसले होते. भगवानराव समोरून जाताना दिसले तसे ते मोठ्यानं म्हणाले, “काय बे भगवाना, आमचा गुरुवार पचतोय ना तुझ्या पोराला? साहेब झाल्यावर वळख दे म्हणावं!”

त्यात वाकडं काही नव्हतं. सुंदरराव सगळ्यांशीच असे बोलत. पण भगवानरावांना कळेना. “कंचा गुरुवार?” त्यांनी विचारलं. तेव्हा आजूबाजूच्या दोघांनी हसत हसत सगळं सांगितलं, सात घरांच्या नावांसकट.

संध्याकाळी ते मास्तरांच्या दारात आले. वहाणा काढल्या, पण ओसरीवर बसले नाहीत.

“मास्तर, माझं पोर कुणाचं खातंय?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बसा ना, भगवानराव.”

“मी समजत होतो, सरकारचा वजिफा हाय. त्याची माय रोज देव्हाऱ्यात दोन वाती लावतीय. एक देवाची, एक सरकारची. सरकारनं पोराला जेवाय घातलं म्हणती, येडी.”

“मीही असाच शिकलो. वारांवर. त्यात कमीपणा नसतो हो.”

“तुमच्यात नसंल. तुमच्यात रिवाज हाय तो. आमच्यात दुसऱ्याच्या दारचं खाणाऱ्याला एकच नाव हाय.” भगवानरावांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मास्तरांना भीती वाटली. “पोराला तरी ठावं हाय का?”

“नाही. त्यानं विचारलं नाही.”

“अन् मला कावून न्हाई सांगितलं?”

मास्तरांनी ते लपवायचं म्हणून लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पण हे बोलून दाखवलं असतं तर जास्तच लागलं असतं.

“परीक्षा तरी होऊ द्या,” ते म्हणाले. “थोडक्यासाठी वर्ष जाईल त्याचं. हुशार आहे हो पोरगा. तोवर मी एकटा देतो.”

“मंजी तुमच्या दारचं.”

आतून वत्सलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भगवानरावांनी तो घेतला, उंबऱ्याशी खाली ठेवला आणि वहाणा घातल्या.

दुसऱ्या दिवशी भगवानराव पोराला आणायला हैद्राबादेला निघालेत असं कळलं, तसे गाडीच्या वेळेला मास्तर ठेसनावर गेले. काय बोलायचं ते वाटेनं त्यांनी चार वेळा मनात घोळवलं होतं. फलाटावर भगवानराव घोंगडी खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी “रामराम मास्तर” म्हटलं. मास्तरांनीही “रामराम” म्हटलं. तेवढ्यात गाडी आली.

चार दिवसांनी शहादेव बापाच्या मागोमाग उतरला, डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन.

नंतरच्या सोमवारी भगवानराव गाडी जुंपून पहिल्या घरी गेले. इतक्या महिन्यांची ज्वारी त्यांनी त्या घरात मापून टाकली, प्रत्येक माप शिगोशीग. मंगळवारी मंगळवारच्या घरी. गुरुवारी सुंदरराव दारातच आडवे आले. “आरं, मस्करी केली मी! मस्करी कळंना का बे तुला? ने ती परत.”

“तुमी दिलतं, मी आणलंय. त्यात मस्करी कुठली मालक?”

सुंदरराव बाजूला सरले.

शनिवारी चतुराबाईंनी दार लावून घेतलं. “मी पोराला दिलतं, तुला न्हाई!” त्या आतून ओरडल्या. “भगवाना, तुझं ज्वारीचं पेव मोकळं करून पोराची माय भिवरा काय रांधणार हाय रं?” भगवानरावांनी उंबऱ्यापुढे ज्वारी ओतली आणि गाडी वळवली. म्हातारीनं ती दुसऱ्या दिवसापर्यंत उचलली नाही. गल्लीतल्या कोंबड्यांनी खाल्ली तेवढी खाल्ली.

रविवारी गाडी मास्तरांच्या दारात थांबली. भगवानराव खाली उतरले नाहीत. पोतं पाठीवर घेऊन शहादेव एकटाच अंगणात आला. वत्सलाबाईंनी ओसरीवर पाट मांडून ठेवला होता, ताट वाढून.

“बस रे. आधी जेव,” मास्तर म्हणाले.

“घरी जेवलो, गुरुजी.”

चतुराबाई काय म्हणाल्या ते मास्तरांच्या कानावर आलं होतं. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

“पुस्तकं आणलीस ना बरोबर?” त्यांनी विचारलं. “इथं माझ्याकडे बसून वाचलंस तरी... पुढच्या साली...”

शहादेवनं दाराकडे पाहिलं. “पुस्तकं तिथंच एकाला दिली, गुरुजी.”

मग तो खाली बसला आणि मापू लागला. माप भरायचं, वर शीग लावायची, सुपात रिकामं करायचं. बापानं सांगितलं असेल तसं. शेवटच्या मापाची शीग ढासळली आणि दाणे अंगणभर पसरले. “असू दे, असू दे,” मास्तर पुटपुटले. शहादेवनं ऐकलं नाही. तो गुडघ्यांवर बसून एकेक दाणा वेचून मापात टाकू लागला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटावर शाईचा डाग होता. अजून गेला नव्हता.

मास्तर तिथेच उभे राहिले. वाकून चार दाणे आपणही वेचावेत असं त्यांच्या फार मनात आलं, पण ते बरं दिसेल की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही.

बाहेर भगवानराव हातात कासरा धरून गाडीवर बसले होते, घराकडे पाठ करून.