तेल न घातलेला आकडा

मित्रांनो, जुना झोपाळा म्हणून मला खुशाल हसा, पण स्वस्थ बसायला सांगू नका. ते मला जन्मात जमले नाही. माझी फळी नवापूरच्या जंगलातल्या सागाची. नंदुरबारच्या धुडकू मिस्त्रीने तिच्यावर रंधा फिरवला, लोखंडी साखळ्या जोडल्या, हाताने एक झोका दिला आणि तो म्हणाला, "हाऊ काही गप बठनार नही!" मिस्त्रीचे बोल खरे ठरले. वारा आला की मी हलतो, मांजर चढले की हलतो, आणि कोणीच नसले तर आता कोण येईल या विचाराने हलतो.

देशाला स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षे झाली होती, तेव्हा करणसिंग मास्तरांनी मला आपल्या ओसरीत टांगले. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत. शनिवारी संध्याकाळी ख्रिस्ती मंडळी आमच्या ओसरीवर प्रार्थनेला जमे. मिरच्या वाळत घालायच्या पथारीवरून बायका तशाच येत, त्यांच्या लुगड्यांच्या वासाने सगळ्यांना ठसका लागे. मग मास्तर बोलू लागत. शुद्ध, शाळेतली मराठी, आणि आवाज असा की ठसकासुद्धा थांबायचा. लोक माझेही कौतुक करत, फळीवर हात फिरवत. मी फुशारून जाई.

पण मंडळी उठून गेली की ओसरी बदलायची. चहा गार झाला, पोरीचा पाढा चुकला, एवढेसे कारण पुरे होई. मास्तर माझ्यावर बसून टाचेने जमिनीला रेटा देत. भाराने तुळईतला माझा आकडा कर्रकर्र ओरडे. मग मास्तरांचा आवाज चढे, आणि तेव्हा शुद्ध मराठी कुठच्या कुठे पळून जाई. "तुन्हं ध्यान कथं शे?" त्यांनी कुणावर हात उगारला नाही, हे खरे. पण एकदा मंगलाची, म्हणजे त्यांच्या लेकीची, पाटी त्यांनी अंगणात भिरकावली. पाटीचे तुकडे तिनेच वेचले.

माझे दुःख मात्र वेगळेच होते. मास्तरांची बायको मोतीबाई दाराच्या बिजागऱ्यांना तेल घाली, विहिरीच्या रहाटाला घाली, पोरीच्या डोक्याला तर रोजच चोपडी. माझ्या आकड्याला मात्र एक थेंब नाही! तो गंजत गेला. मी मनातून तिच्यावर रुसलो होतो.

अशातच मंडळीला नवा वडील निवडायचा झाला. मंडळीचा कारभार पाहतो, अडल्यानडल्याला धीर देतो, त्या माणसाला वडील म्हणतात. पंच आमच्याच ओसरीवर बसले. मास्तर तेवढ्यापुरते बाहेर गेले होते. पथारीवरचा दोधू मुकादम म्हणाला, "मास्तरना सारखा बोलनारा दुसरा कोन शे?"

मंडळीचे धर्मगुरू, पाळक नवलसाहेब, दाढी खाजवत म्हणाले, "बोलणं चांगलंच आहे. ते पीत नाहीत, पैशाला चोख आहेत, पाहुण्याला भाकरी देतात. बाजारात नाव आहे. आता घर तेवढं पाहायचं राहिलं. ज्याला घरची माणसं सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती मंडळी कशी द्यायची?"

मास्तरांच्या कानावर हे गेलेच. त्यांना वडील व्हायचे होते, फार व्हायचे होते. काळ्या कोटाला इस्त्री झाली. पाळक घरी येणार म्हणून घर झाडून लख्ख झाले, आणि मोतीबाईचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी विचारले तर काय सांगायचे? खरे सांगावे तर नवऱ्याचे स्वप्न मोडणार, आणि मग ओसरीवर काय होईल! खोटे सांगावे तर सगळी मंडळी त्याच्या हाती जाणार.

पाळक आले ते सांगितल्या वेळेच्या आधीच. मास्तर शाळेतून परतले नव्हते. आत मंगला मोठ्याने पाढे म्हणत होती, मोतीबाई भाकरी थापत होती. पाळक माझ्यावर बसले आणि सहज पाय रेटला.

कर्र.

मंगलाचा पाढा मध्येच तुटला. भाकरी थापल्याचा आवाज थांबला. घर असे गप्प झाले की रेल्वेची दूरची शिट्टी ओसरीत ऐकू आली. मोतीबाई पिठाच्या हातांनी दारात आली आणि तिने श्वास सोडला. "तुम्ही शेतस का, साहेब!"

आत पाढा पुन्हा सुरू झाला. पाळकांनी वर पाहिले. "मोतीबाई, घरात सगळं कसं निगुतीनं आहे. मग या आकड्याला तेल का घालत नाही?"

तिच्या तोंडून निघून गेले. "तेल घालसू तं समजी कसं? करकर ऊनी का पोरले आत बलाई लेस."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. ती मला विसरली नव्हती. मास्तर येऊन बसले, हे तिला आत माझ्या करकरीवरूनच समजायचे. मी या घराचा राखणदार होतो, आणि मीच रुसून बसलो होतो!

पायरीवर वहाणा हातात घेऊन मास्तर उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. मोतीबाईचा चेहरा उतरला. मास्तर वर आले आणि पाळकांशेजारी बसले. त्यांच्या भाराने मी हललो. कर्र. आतला पाढा पुन्हा तुटला.

ती शांतता मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी दोन्ही पाय जमिनीला रोवून मला थांबवले. मला थांबणे आवडत नाही, पण त्या वेळी मीही थांबलो. "साहेब," ते म्हणाले, "मन्हं नाव काढी टाका. मन्हा घरमा मन्हा धाक शे."

माणूस एका दिवसात बदलत नाही. राग आला की मास्तर उठून विहिरीवर जात आणि गरज नसलेले पाणी ओढत बसत. कधी विहीर गाठायच्या आधीच तोंड सुटे, मग ते आत जाऊन मंगलासमोर उभे राहत आणि म्हणत, "चुकनं मन्हं." एकदा त्यांनी बायकोला विचारले, "आते तेल घालसी का?" ती म्हणाली, "आजून नही." आकडा त्यांच्याच डोक्यावर होता, पण त्यांनी स्वतः कधी तेल घातले नाही.

वर्षे गेली. मंगला लग्न होऊन भुसावळला गेली, बाळाला घेऊन माहेरी आली. नवलसाहेबांचे केस पांढरे झाले. मंडळीला पुन्हा वडील हवा होता, पंच पुन्हा ओसरीवर बसले. माझ्यावर बसलेले मास्तर म्हणाले, "माले नका इचारू. तिले इचारा."

मोतीबाई उठली आणि आत गेली. पंच एकमेकांकडे पाहू लागले. मास्तरांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने ती स्टूल आणि तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. "जरा उठा," ती नवऱ्याला म्हणाली. स्टुलावर चढून तिने माझा आकडा पुसला, तेल घातले, पदराला बोटे पुसली. "आते बठा."

मास्तर बसले. मी हललो आणि मला माझाच आवाज ऐकू आला नाही. आत मंगला बाळाला गाणे म्हणत होती. ते थांबले नाही. पंचांना आणखी काही विचारायचे उरले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, एवढीच विनंती माझे भाऊबंद करतात. मी एक जास्तीची करतो. कुणाला मोठेपणा द्यायचा असेल, तर त्याचे भाषण ऐकून झाल्यावर त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. तो घरात शिरला की आत कोण गप्प होते, तेवढे ऐका.