डोईवरची दुपार

माल्सुनमावशीची मान कधी कोणापुढे वाकली नाही, याचं कारण अगदी साधं होतं. मानेवर डोकं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर थाळ्यावर थाळे, आणि सगळ्यात वर वाफाळणारं सोयाबीनचं सार. अशी बाई वाकेल तरी कशी? मुल्ले वस्तीच्या लोखंडी गल्ल्यांतून ती निघाली की लेथवाले यंत्र बंद करत, वेल्डिंगवाले तोंडावरचं झाकण वर करत. सगळ्या सोल शहरात घड्याळं होती, या गल्लीत मात्र माल्सुन दिसली की दुपार व्हायची.

चालताना ती गुणगुणायची. गाणं तिचं तिनंच जुळवलेलं:

डोईवर थाळा माझ्या, थाळ्यात बांगडा ताजा,
वाट सोडा लोहारांनो, दुपारची भूक राजा.

पण अलीकडे दुपार हलकी होत चालली होती. एखाद्या सकाळी एखादा लेथ ट्रकवर चढायचा आणि शहराबाहेर कुठेतरी निघून जायचा. काही दिवसांनी त्याच शटरमागे कोणी वासाच्या मेणबत्त्या मांडायचं, कोणी लोकांच्या दंडावर मासे नि वाघ गोंदायचं. माल्सुनच्या डोक्यावरचा मनोरा एकेका थाळ्यानं खचत होता.

तिची लेक मिग्यंग इंचॉनला चौदाव्या मजल्यावर राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"आई, पुरे झालं आता. खोली रिकामी आहे. खिडकीतून समुद्र दिसतो."

"समुद्र जेवतो का माझ्या हातचं?"

"चेष्टा नको. येणार कधी ते सांग."

"डोक्यावर न्यायला काही उरलं नाही की येईन. त्या दिवशी पाठव ट्रक."

माल्सुन दिलेला शब्द पाळणारी होती. पंचाईत तीच होती.

वसंतात दोंगसू वेल्डिंगही गेलं. गल्लीतलं तिचं सगळ्यात खादाड गिऱ्हाईक ते. तिथे कॉफीचं दुकान आलं, आणि शेजारच्या बेकशेठला बोलायला विषय मिळाला. त्या गल्लीत एका लेथचा मालकही शेठ, आणि तो लेथ गहाण पडला तरी शेठच.

"पाहिलंत का, बाई? शटरचा गंज काढला नाही पोरांनी. उलट रोगण लावून पक्का केला! जन्मभर मी गंज खरवडला, आणि हे त्याला लेकरासारखं जपतात. पाटीसुद्धा जुनीच ठेवलीय. परवा एक पोरगी चुकून माझ्याकडे शिरली. म्हणते, काका, थंड कॉफी आहे का? म्हटलं, थंड तेल आहे, लेथचं. देऊ?"

"आणि तुम्ही रोज संध्याकाळी तिथे काय करता, शेठ?"

"लक्ष ठेवतो," बेकशेठ म्हणाला आणि ओठावरचा फेस पुसला.

एका दुपारी माल्सुन गल्लीच्या टोकाच्या पॉलिशवाल्यांचं जेवण घेऊन निघाली. डोक्यावर ओझं असलं की नजर समोर लागते, खाली-वर होत नाही. समोर 'दोंगसू वेल्डिंग'ची पाटी आली, तोच गंज, तेच शटर. इतक्या वर्षांच्या सवयीचे पाय. ते तिला न विचारताच आत वळले. लांब मेजावर तिनं थाळे उतरवले आणि खणखणीत आवाज दिला, "चला, चला, हात धुवा! गार होतंय!"

मग तिनं मान फिरवली. तोंडावर झाकणं लावलेले दोंगसूचे दांडगे कुठेच नव्हते. लॅपटॉपमागून पोरीबाळी बघत होत्या. गल्ल्यावर चष्मा लावलेला, ढगळ कपड्यांतला एक तरुण उभा होता. तो मालक, हानसोल. त्याच्या मागे कामाची दोन पोरं, तिघांत मिळून एक अर्धा खाल्लेला पाव.

दुसरी कोणी असती तर माफी मागून निघाली असती. माल्सुननं त्या पावाकडे बोट केलं. "हे काय?"

"आमचं जेवण, मावशी."

"हे? हे तर उंदराच्या पिंजऱ्यात लावतात. बसा!"

तिघं बसली. पहिल्या घासाला लाजली, दुसऱ्याला सरसावली. मुळा घालून शिजवलेल्या बांगड्याचे काटेसुद्धा चोखून झाले. बसलेल्या पोरीबाळींनी उठून फोटो काढले. त्या दिवशी पॉलिशवाल्यांना उशिरा नुसती भाजी नि भात मिळाला, आणि माल्सुनला भरपूर बोलणी.

संध्याकाळी हानसोल तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. हातात कॉफी होती. माल्सुननं एक घोट घेतला. जेवणानंतर भाताच्या खरवडीचं पाणी पिणारी माणसं ती, तिला चव ओळखीची वाटली.

"भात जरा जास्तच करपलाय, बाळा. पण बरं आहे."

"मावशी, शनिवारी याल का? असेच थाळे डोक्यावर घेऊन? लोकांना फार आवडेल. सगळा मनोरा घेऊन या."

सगळा मनोरा! माल्सुनच्या मानेत जुनं बळ आलं. शनिवारी तिनं केस कुरळे करून घेतले, नवा ॲप्रन बांधला.

"लग्न कोणाचं?" बेकशेठनं लेथवरून विचारलं.

"तुमच्या गंजाचं. या जेवायला."

आणि ती निघाली, पूर्वीसारखी, उंचच्या उंच.

दारात फोन वर झाले. "मावशी, परत एकदा आत या ना." ती परत आत आली. "थोडं हसा ना." ती हसली. "थाळे इथे उजेडात ठेवा." तिनं ठेवले. साराच्या वाफा विरल्या, बांगड्यावर तेल गोठलं. एका पोरीनं पालकाची एक काडी उचलली, तिचाही फोटो काढला आणि परत ठेवली. हानसोल कॉफ्या करत होता. वर बघायला त्याला फुरसत झाली तेव्हा माल्सुन थाळे पुन्हा रचत होती.

जाताना जड, येताना हलकं, हीच तिच्या चालीची लय. त्या दिवशी ती जड गेली आणि जडच परतली. भरल्या वाट्या घरी आणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं गाणं म्हटलं नाही.

"काय झालं, बाई?" बेकशेठनं विचारलं. चेष्टेचा सूर त्यानं गिळला होता.

"शेठ, डोक्यावर एवढं होतं, पण नेलं काहीच नाही."

रविवारी फोन वाजला. माल्सुन म्हणाली, "पाठव ट्रक. महिनाअखेरीला." पलीकडे मिग्यंग आधी आनंदली आणि मग तिनं विचारलं, "बरी आहेस ना, आई?"

सोमवारी सकाळी हानसोल दाराशी उभा. मान खाली.

"मावशी, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? सजवलेल्या बैलासारखी मीच मिरवत आले."

"शनिवार नको. पण आज आम्हाला जेवायला मिळेल का? आम्ही तिघं. आणि मेणबत्तीवाली. आणि तो गोंदणवाला, त्याच्याकडची दोघं. मी त्यांना बांगड्याचं सांगितलं, तेव्हापासून त्यांच्या घशाखाली पाव उतरत नाही."

माल्सुन मुळा चिरत राहिली. "काय शिजलंय ते विचारायचं नाही. शिजेल ते खायचं."

"हो."

"पोट भरेपर्यंत फोन खिशात."

"हो."

"भांडी दाराबाहेर ठेवायची, वर वर्तमानपत्र घालून. मांजरं फार आहेत."

हानसोलचा चेहरा पडला. "वर्तमानपत्र? ते... मिळतं कुठे?"

आता मात्र माल्सुन हसली, सुरी खाली ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बेकशेठकडे जा. शिळ्या बातम्यांचा डोंगर आहे तिथे. पण ऐक, महिनाअखेरपर्यंतच हं. मी चाललेय."

बेकशेठनं पेपर दिले, पण फुकट नाही. प्रत्येकानं त्याच्याकडची कागदी कपातली साखर-दुधाची पुडीकॉफी प्यायची आणि गंज कसा खरवडतात ते ऐकून घ्यायचं. पोरं निमूट प्यायची. गोंदणवाल्यानं तर दुसरा कप मागितला.

पहिल्या दिवशी रिकामी भांडी गोळा करायला गेलेली माल्सुन दारात थबकली. थाळ्यांवर पेपर होता, पेपर उडू नये म्हणून वर लोखंडी नट ठेवलेला. तिनं कोपरा उचलून पाहिलं. वाट्या अशा पुसून खाल्लेल्या, की घासायचं काम अर्धं कमी. मेणबत्तीवालीच्या दाराशीही तेच. ती हलकी होऊन परतली, आणि वाटेत तिला आपलंच गुणगुणणं ऐकू आलं.

मनोरा रोज थोडा वाढला. कोणीतरी शिवणयंत्रवाली आली, कोणी पुस्तकवाला. महिनाअखेर कधी आली, ते तिला कळलंच नाही.

कळलं ते गल्लीच्या तोंडाशी निळा ट्रक लागला तेव्हा. ऐन दुपार. माल्सुन दारातून बाहेर पडली ती पहिला मनोरा डोक्यावर घेऊन, आणि ॲप्रनच्या खिशात फोन वाजायला लागला. दोन्ही हात वर, थाळ्यांना.

"शेठ! खिशातला फोन काढा जरा. मिग्यंग असेल."

बेकशेठनं फोन कानाला लावला. "ती विचारते, ट्रक आला ना? सामान बांधलं का?"

"सांगा, आत्ता बोलता येत नाही. डोक्यावर ओझं आहे."

बेकशेठनं सांगितलं. मग म्हणाला, "हसतेय. की रडतेय, कळत नाही. म्हणते, मग रविवारी मीच जेवायला येते."

"म्हणावं, काय शिजलंय ते विचारायचं नाही."

ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मावशी, बाजूला व्हा की! गाडी आत घ्यायचीय!"

माल्सुन बाजूला झाली नाही. तशीच गल्लीच्या मधोमध, मान ताठ, सूर लावून चालत राहिली:

डोईवर थाळा माझ्या, थाळ्यात बांगडा ताजा,
वाट सोड ट्रकवाल्या, दुपारची भूक राजा.

ट्रकवाल्यानं एकदा वर मनोऱ्याकडे पाहिलं, एकदा नाकानं वास घेतला, आणि गाडी मागे घेतली.