त्या पोरीच्या मापाची रजई

"काका, हात जरा हळू चालवा ना. व्हिडिओत नीट दिसत नाहीत."

अब्दुल रहीमनं मान वर केली नाही. "हळू चालवले तं टाका ढिला पडते, बाबू," एवढंच म्हणून त्यानं सुई रजईच्या पोटात घातली आणि पलीकडून ओढून घेतली.

हा बाबू म्हणजे अमरावतीच्या नारायण वकिलांचा मुलगा, अद्वैत. मूर्तिजापुरात स्टेशनच्या रस्त्यावर अब्दुल रहीमचं गादी-रजईचं दुकान होतं. दुकान कसलं, कापूस पिंजायचं एक यंत्र, शिवायला एक लांब फळी आणि नाकातोंडात जाणारी रुई. त्या वर्षी बोंडअळीनं सगळ्या वऱ्हाडातली कपाशी खाल्ली होती. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, आणि ज्यांनी ढकलली नाहीत त्यांनी मुलीच्या आंदणाला बाजारातली फायबरची, भडक गुलाबांची रजई घेतली. अब्दुल रहीम दिवसभर रस्त्याकडे बघत बसायचा. त्यामुळे हा मुलगा मोबाइल रोखून समोर बसला तेव्हा त्याला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. किती दिवसांनी कोणी त्याचं काम बघायला आलं होतं.

अद्वैतची मोहीम होती. दूरच्या कुठल्याशा देशात लढाई पेटली होती, माणसं बर्फात तंबू ठोकून राहत होती, आणि वऱ्हाडानं घरटी एक रजई द्यावी असं त्यानं ठरवलं होतं. कापसाच्या मुलखातली माणसं दुसरं काय देणार? थंडी म्हटली की त्यांना रजईच आठवते. अद्वैतला आठवली, अब्दुल रहीमला आठवली, आणि व्हिडिओ बघून हळहळणाऱ्या हजारो लोकांनाही तीच आठवली.

मोहिमेचा एक फोटो होता. तंबूच्या तोंडाशी एक लहान पोरगी बसलेली, पायांची बोटं मुठीत घट्ट धरलेली, शेजारी पाण्याचा प्लास्टिकचा डबा. अब्दुल रहीमनं तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तसला डबा त्याच्याही दुकानात होता. त्यानं डबा वितीनं मोजला, फोटोत पोरगी डब्याच्या किती वर येते ते पाहिलं, आणि उठून उभी राहिली तर केवढी होईल याचा अंदाज बांधला. बाकीचे लोक रजया देणार होते. त्यानं त्या पोरीची रजई शिवायला घेतली.

मऊ लांब धाग्याची रुई त्यानं स्वतःसाठी राखून ठेवली होती, ती काढली. बिल्कीसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हिरव्या अस्तराचं कापड दिलं. आणि त्याच्या बापानं शिकवलं होतं तसं पायथ्याची एक बाजू त्यानं कच्चीच शिवली. लेकराची रजई असली की त्यांच्या दुकानात असंच करायचे. लेकरू वाढलं की आई रजई घेऊन परत यायची; मग दुकानात कच्ची बाजू उसवायची, रुई पुन्हा पिंजून घालायची आणि कापडाचा जोड देऊन रजई लांब करायची. अद्वैतला ते समजावून सांगताना अब्दुल रहीमचा चेहरा असा काही फुलला की व्हिडिओत नेमका तोच तुकडा राहिला.

रजई घेऊन अद्वैत अमरावतीला गेला, आणि तो तुकडा जगभर फिरला. मूर्तिजापुरात तर फारच फिरला. शेजारच्या चहावाल्या जानरावनं तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. मशिदीत लोक हात हातात घेऊन बोलायला लागले. रजईचं एकही गिऱ्हाईक वाढलं नाही, पण अब्दुल रहीमची चाल बदलली. 'पोचली का हो?' असं कोणी विचारलं की आधी तो 'पोचन' म्हणायचा. होळीनंतर, कधी आणि कसं ते त्यालाही कळलं नाही, पण तो 'पोचली' म्हणायला लागला.

आणि मग तेच त्याला डाचू लागलं. आपण पाहिलेलं नाही ते आपण सांगतोय. अद्वैतला फोन केला तर लागायचा नाही. पाऊस येऊन गेला, दसरा झाला, तसा एके दिवशी त्यानं धुतलेला कुडता घातला आणि अमरावतीला जायला बडनेऱ्याची गाडी पकडली. पोरीला रजई मिळाली की नाही एवढंच त्याला विचारायचं होतं.

अद्वैत घरी नव्हता. तो आता पुण्याला नोकरी करत होता, आणि दुसऱ्या कुठल्या तरी पुराची मोहीम चालवत होता. नारायण वकिलांनी पाणी विचारलं आणि मुलीला हाक मारली. जुईली बाहेर आली. तिनं व्हिडिओतल्या माणसाला लगेच ओळखलं. मग आत जाऊन कपाटातून एक पिशवी घेऊन आली. पिशवीच्या तोंडातून हिरवं अस्तर दिसत होतं.

जुईलीनं काही लपवलं नाही. तिकडच्या संस्थेनं कळवलं होतं की कापूस पाठवू नका. तंबूत ओल असते, कापूस एकदा भिजला की वाळत नाही, आणि ओली रजई अंगावर असण्यापेक्षा नसलेली बरी. पाठवायचेच तर पैसे पाठवा. मग व्हिडिओ बघून लोकांनी दिलेले पैसे पाठवले, त्यातून तिथल्याच बाजारात ब्लँकेटं घेतली, ती वाटलीही. रजया इथल्याच दवाखान्याच्या आवारात पेशंटच्या नातेवाइकांना दिल्या. तुमची मात्र दादानं ठेवली, म्हणाला, ही द्यायची नाही. हे सगळं तुम्हाला कळवायला हवं होतं, पण त्याला धीर झाला नाही.

तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. करड्या ब्लँकेटात गुंडाळलेली मुलं ओळीनं उभी होती. अब्दुल रहीमनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि एकेक तोंड पाहिलं.

"याच्यात ते पोरगी नाई दिसत."

जुईलीनं वडिलांकडे पाहिलं. वडील खिडकीकडे बघत होते.

"काका, तो फोटो जुना निघाला," ती म्हणाली. "दहा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच लढाईतला. कोणी तरी पुन्हा टाकला आणि दादानं खरा धरला. आम्हालाही नंतर कळलं."

भिजलेल्या कापसाचं अब्दुल रहीमला फार लागलं होतं. जन्म त्यात गेला होता आणि ती साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. पण हे निराळं होतं. पिशवीच्या तोंडाशी दिसणाऱ्या अस्तरावर त्यानं वीत ठेवली.

"मंग ते आता केवढी असन?"

"सोळा-सतरा वर्षांची असेल," जुईली म्हणाली. "म्हणजे... असली तर."

चहा न घेता तो उठला. पिशवी राहू द्या, आम्ही कोणाला तरी देऊ, असं नारायण वकील म्हणाले ते भल्या मनानंच म्हणाले. पण अब्दुल रहीमनं पिशवी काखेत मारली.

मूर्तिजापूरला गाडीतून उतरला तेव्हा पिशवीचा एक बंद तुटला होता आणि हिरवं अस्तर सगळ्या फलाटाला दिसत होतं. मागच्या बाजूनं, मालधक्क्यावरून घरी जाता आलं असतं. क्षणभर पायही तिकडे वळले. पण तो सरळ रस्त्यानं, जानरावच्या टपरीसमोरून गेला. टपरीवर नेहमीची मंडळी होती. जानरावनं पिशवीकडे पाहिलं आणि त्याच्या हातातली किटली तशीच राहिली.

"नाई पोचली, जानराव," अब्दुल रहीम म्हणाला. "मी पोचली म्हनत होतो, ते खोटं होतं."

कोणी हसलं नाही. त्याला वाटलं होतं लोक हसतील, आणि हसले असते तर बरं झालं असतं.

घरात नवरा-बायको उर्दूत बोलत. त्या रात्री बिल्कीसनं त्याला जेवू घातलं आणि मग जे सांगायचं ते सांगितलं: थंडी येते आहे, स्टेशनवर माणसं उघडी झोपतात, एकीला देऊन टाक. ब्लँकेटं तर मिळाली ना तिकडच्यांना? मग तुझं काय अडलं? तिचं काही चुकत नव्हतं. स्टेशनवर द्यायला दुसरी रजई शिवतो, असं तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात शिवून दिलीही. पण ही त्या पोरीची. मापानं शिवलेली चीज ज्याची त्याचीच, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

मग त्यानं एके दिवशी हिरवी रजई फळीवर पसरली आणि कच्ची बाजू उसवायला घेतली. जानराव चहा घेऊन आला, तो बघतच राहिला.

"आता काय करून राहिले, रहीमभाई?"

"जोड देतो. पोरगी मोठी झाली असन ना."

जानराव चहाचा पेला फळीच्या कडेला ठेवून तसाच उभा राहिला. अब्दुल रहीमनं आतल्या बाजूला हाक मारली. बिल्कीस आली, तिला त्यानं फळीला टेकून उभं केलं आणि माप घ्यायला लागला. ती कपाळाला आठ्या घालून उभी होती. जानराव समोर होता म्हणून ती त्याच्या बोलीत बोलली.

"माह्या मापानं नोको घेऊ. तिकडचे लोकं उंच राह्यते. वीतभर जास्त धर."

त्यानं वीतभर जास्त धरलं. जोडाचं हिरवं कापड पहिल्या अस्तराशी जुळलं नाही, थोडं गडद आलं. नवी रुई जुन्या रुईत पिंजून मिसळली, कापडात भरली आणि या वेळी ती बाजू त्यानं पक्की शिवून टाकली.

रजई दुकानात वरच्या कप्प्यावर गेली. दर थंडीत कोणी ना कोणी तिच्याकडे बोट दाखवायचं, हात लावून बघायचं, ही द्या म्हणायचं.

"ते दिलेली हाय," अब्दुल रहीम सांगायचा, आणि खालची दुसरी काढून दाखवायचा.