पोथीला माती

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात यहुदी धर्माचे अभ्यासक एकच, नाना. त्यामुळे त्यांच्या मताला विरोध असा कधी झालाच नाही. हिब्रू त्यांना शिकवली अष्टमकर मास्तरांनी. मास्तर कोकणातले बेने इस्राएली, हिंगोलीला स्टेशनमास्तर. शिकवणी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात चाले. गाड्या उशिरा येत, म्हणून नानांचं व्याकरण पक्कं झालं. शनिवार यहुद्यांचा विसाव्याचा, त्या दिवशी मास्तर कामाला हात लावत नसत. गाडी आलीच तर देवाची माफी मागून झेंडा दाखवत.

बदली झाली तेव्हा त्यांनी आपली प्रार्थनेची पोथी नानांना दिली. "जीर्ण झाली की माती द्या. आत देवाचं नाव आहे, रद्दीत जायची नाही."

आता पोथीला वाळवी लागली होती. पानाच्या कडेला मास्तरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'इथे आवाज चढवणे.' पुढे एका पानावर नुसतंच 'चहा'. नानांचा जीव त्या चहात अडकलेला. तरी मन घट्ट करून त्यांनी शेजारच्या नरसिंगच्या हळदीच्या बांधावर पोथी पुरली आणि दुपारी जेवले नाहीत.

संध्याकाळी नरसिंग दारात. पोथी पुसलेली, वर हळदकुंकू.

"नाना, तुमचं पुस्तक मातीत पडलं होतं."

"पुरलं होतं."

"काहून? मेलं काय?"

नानांनी रीत सांगितली.

"आमी जुन्या पोथ्या सिद्धेश्वर धरणात सोडतो. सोडून येऊ?"

"नको रे. मातीच."

"अहो, मग हसून काहून राहिले?" नानांच्या पत्नी विजयाकाकू आतून येत म्हणाल्या. "मास्तरांना शब्द दिलाय ना?"

नाना खरंच हसत होते. रात्री दोन पोळ्या जादा गेल्या.

दुसऱ्या दिवशी नरसिंगनं कमरेइतका खड्डा खणला. नाना काठावर उभे राहून वाचू लागले. आवाज चढवायचा तिथे चढवला, बगळे उडाले. 'चहा' आला तिथे थांबले. काकूंनी थर्मास उघडला. तिघांनी चहा घेतला, नानांनी पोथी खड्ड्यात ठेवली आणि नरसिंगनं माती लोटली.

"नरसिंग, मी उकरायला आलो तर हाकलून दे."

"व्हय."

सकाळी नाना बांधावर गेले, तर नेमक्या त्या जागेवर बाज टाकून नरसिंग बसलेला.

"फिरायला आलो होतो," नाना म्हणाले.

"खुरपं घेऊन?"

नानांनी खुरप्याकडे पाहिलं. मग त्यांना आठवलं, आज शनिवार. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि नरसिंगला म्हणाले, "सरक जरा."