गाणं स्टेजवर, मी पेटीत

मित्रांनो, चार पायांवर उभी असते म्हणून मला टेबल समजू नका हं! मी एक जुनी स्टील गिटार आहे. मला कुणी गळ्यात अडकवत नाही. माझ्यापुढे खुर्ची घेऊन बसावं लागतं, तारांवरून पोलादी दांडी सरकवावी लागते आणि पायांनी पेडलं दाबावी लागतात. मग मी रडते. छान रडते, असं सगळे म्हणतात.

अमेरिकेत टेनेसीतल्या एका कारागिराने मला मेपलच्या लाकडातून घडवलं आणि वर्लन टॅकेट नावाच्या वादकाने मला घरी नेलं. त्याचा धाकटा भाऊ ऑर्विल गायचा. जत्रा, लग्नं, चर्चची जेवणं, आम्ही कुठे वाजवलं नाही ते विचारा! पुढे ऑर्विलने बायकोसाठी, रूथॅनसाठी, एक प्रेमगीत केलं. सुरुवात माझी. माझा एक लांब सूर वर चढायचा आणि तो संपला की ऑर्विल गायला लागायचा. आमच्याकडच्या रेडिओवर ते गाणं धो धो वाजलं.

मग रेकॉर्ड कंपनीचे प्रेस्कॉटसाहेब आले. म्हणाले, "शहरातली पोरंही हे डोक्यावर घेतील. फक्त ती रडूबाई काढा. तिचा आवाज आला की लोक स्टेशन बदलतात." आमच्या धंद्यात ही रीतच होती. गाणं शहरात धाडायचं, तर रेकॉर्डवरून माझा आवाज पुसायचा आणि तिथे व्हायोलिनं भरायची. ऑर्विल खाली मान घालून "बरं" म्हणाला. मला फार लागलं ते.

गाणं मात्र देशभर गाजलं. शिकागोच्या मोठ्या नाट्यगृहातून बोलावणं आलं. वर्लनने सवयीने मला बरोबर घेतलं, पण तो पडद्यामागेच बसून राहिला.

"हा शेवटचा कार्यक्रम," तो रूथॅनला म्हणाला. "उद्यापासून मी आपला लाकडाच्या गिरणीत. माझी गरज कुणाला आहे?"

"भाऊजी, असं तोडून बोलू नका हो," ती म्हणाली.

घाईगडबडीत तालीम झाली नव्हती. स्टेजवर व्हायोलिनं सुरू झाली. ऑर्विल गप्प! पुन्हा सुरू झाली. पुन्हा गप्प. लोक कुजबुजायला लागले.

"अहो, हा गात का नाही?" प्रेस्कॉटसाहेबांना घाम फुटला.

"कसा गाईल?" रूथॅन कडाडली. "रेकॉर्डवर तो या गिटारबरोबरच गायला होता. तुम्ही नंतर हिला तेवढं पुसलंत!"

तेवढ्यात माइकवरून ऑर्विलचा आवाज आला, "दादा, चुकलं माझं. ये ना बाहेर. मला सुरुवातच सापडत नाहीये."

"आता आठवला होय दादा!" वर्लन गुरगुरला, पण त्याचे हात केव्हाच माझी पेटी उघडत होते. माझे पाय बसवेपर्यंत लोक थांबले. एक पाय तर प्रेस्कॉटसाहेबांनीच घट्ट केला.

मी सूर लावला. कुणी हललं नाही. ऑर्विल गायला, आणि असा गायला की रूथॅनचे डोळे भरून आले. त्यानंतर मला पुन्हा कुणी पुसलं नाही. आता माझी पेडलं कुरकुरतात. वर्लन त्यांना तेल घालतो, तारा पुसतो आणि रोज थोडा वेळ वाजवतो. मला तेवढं पुरतं.

त्या दिवशी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा ऑर्विल आधी अभिवादनाला वाकला नाही. वर्लन सगळ्यांना दिसावा म्हणून तो बाजूला सरकला. मित्रांनो, तुम्हालाही टाळ्या मिळतील. तेव्हा तेवढं बाजूला सरका.