एकोणीस तारखेची गर्दी

आपल्या मुलीच्या, रेवतीच्या, डाव्या हाताची दोन बोटं बंडोपंतांनी दारात चेंगरली, त्याला त्या संक्रांतीला चार वर्षं झाली. वसमतच्या त्या गल्लीत ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले बंडोपंत गल्लीत सभ्य म्हणून ओळखले जात. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि ते खरंही होतं. मारताना ते बोलत नसत. दारं लावायची, टीव्ही मोठा करायचा, मनगटातलं घड्याळ काढून खिडकीत ठेवायचं आणि मग हात उचलायचा. घड्याळ खिडकीत दिसलं की त्यांची बायको प्रेमा हातातलं काम खाली ठेवायची.

पुण्यात नोकरी करणारी रेवती त्या वेळी घरी सांगायला आली होती की बरोबर काम करणाऱ्या एका तमिळ मुलाशी ती लग्न करणार आहे. बंडोपंतांनी सगळं ऐकून घेतलं. मग तिचा हात चौकटीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दार ओढलं. एकदा नाही, तीनदा. धाकटा चिन्मय आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला. प्रेमा स्वयंपाकघरात ओटा धरून उभी राहिली. ती बाहेर आली नाही. हाताला टॉवेल गुंडाळून रेवती नांदेडच्या बसमध्ये बसली ती परत आलीच नाही. बंडोपंतांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि मुलगी आपल्याला मेली म्हणून सांगितलं.

आता चिन्मयही पुण्यात होता, चांगला कमावत होता. संक्रांतीला आला तेव्हा त्यानं आईबाबांना क्रूझवर पाठवायचं जाहीर केलं. सिंगापूरला जहाजात बसायचं, पेनांग आणि फुकेतला उतरून फिरायचं, परत सिंगापूर. दहा एप्रिलला निघायचं की सतरा, तेवढं आठवडाभरात कळवा म्हणाला. पेनांग हे नाव कानावर पडलं आणि प्रेमाच्या हातातला तिळाचा लाडू हातातच फुटला. लग्नानंतर नवऱ्याची बदली झाली म्हणून रेवती दोन वर्षांपासून पेनांगला राहत होती. हे घरात एकट्या प्रेमाला माहीत होतं.

बंडोपंतांना जहाजाचं कौतुक वाटलं, पण गर्दीचा त्यांना तिटकारा होता. गर्दीत त्यांना कुणी ओळखत नसे, वाट देत नसे. औंढ्याला महाशिवरात्रीच्या रांगेत एकदा कुणाचं तरी कोपर त्यांच्या छातीत बसलं होतं. तिथं ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर घड्याळ काढलं आणि प्रेमाला इतकं मारलं की तिच्या दोन बरगड्यांना तडा गेला. दर्शनाला जायचं तिनं काढलं होतं ना. शाळेत तिनं न्हाणीत घसरल्याचं सांगितलं. ती तिथं लिपिक होती, आणि एव्हाना शाळेतली सगळी तिला धांदरट समजायला लागली होती.

चिन्मय पुण्याला गेल्यावर बंडोपंत म्हणाले, दोन्ही तारखांना त्या बंदरांवर किती माणसं असतील ते आधी काढ. गर्दीत नेऊन उभं केलंस तर तिथंही मी आहे आणि तूही आहेस. एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

प्रेमा मुलांचे अर्ज, हजेऱ्या, सगळं शाळेच्या संगणकावरच भरत असे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं शोधलं, आणि सापडायला फार वेळ लागला नाही. कुठल्या दिवशी कुठलं जहाज धक्क्याला लागणार आणि त्यात किती माणसं मावतात, हे सगळं कितीतरी महिने आधीच दिलेलं असतं. फुकेतला दोन्ही खेपांना सारखंच होतं. पेनांगला मात्र दहाच्या खेपेत, म्हणजे बारा तारखेला, त्यांचं एकट्याचं जहाज होतं, बत्तीसशे माणसांचं. सतराच्या खेपेत, एकोणीस तारखेला, तीन जहाजं होती. तिनं कागदावर बेरीज केली. नऊ हजार सातशे.

मग तिनं ऑफिसचं दार लोटून रेवतीला फोन लावला. रेवतीनं दोन्ही तारखांचे आकडे विचारून घेतले. मग म्हणाली, "आई, एकच जहाज असलं तर धक्क्यावर मी लांबूनसुद्धा ओळखू येईन. एकोणीसला ये. उतरल्यावर उजव्या हाताला बायकांचं स्वच्छतागृह आहे, तिथं बाबा येऊ शकत नाहीत. मी आत थांबते. वीस मिनिटं मिळाली तरी चालतील."

घरी जाऊन प्रेमानं सांगितलं की बारा तारखेला तीन जहाजं आहेत, एकोणीसला आपलं एकट्याचं. तोंडी सांगितलेल्यावर बंडोपंतांचा कधीच विश्वास नसे. त्यांनी ते कागदावर लिहून मागितलं. तिनं आकडे उलटे लिहिले. अक्षर नेहमीसारखं आलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. त्यांनी कागद घडी घालून पाकिटात ठेवला आणि चिन्मयला सतरा तारीख कळवली.

दोन महिने ती त्या वीस मिनिटांवर जगली. काय बोलायचं ते भाकरी थापताना ठरवायची आणि पुसून टाकायची.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ती धने कुटत बसली होती. गावात हळद शिजत होती, तो वास घराघरांत भरला होता. बंडोपंत बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होते. चिन्मयनं मोठ्या हौसेनं त्यांना आवाजी निरोप पाठवला होता आणि तो आतपर्यंत ऐकू आला. बाबा, पेनांगला त्या दिवशी तीन जहाजं आहेत, जवळजवळ दहा हजार माणसं उतरणार, तुम्ही सकाळी लवकर उतरा म्हणजे त्रास नाही. निरोप संपला. परत एकदा वाजला. मग पुढच्या दाराची कडी लागली आणि टीव्हीचा आवाज वाढला.

ते आत आले तेव्हा मनगटावर घड्याळ नव्हतं. त्यांनी पाकिटातला कागद काढून तिच्यासमोर टाकला.

"हे अक्षर कुणाचं?"

ती म्हणाली, चूक झाली असेल. त्यांनी तिचे केस धरून तिला उठवलं आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. समोरचा दात तुटून जिभेवर आला. दुसऱ्यांदा आपटल्यावर कपाळ फुटलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. चूक कशी झाली ते त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज अगदी साधा, कोर्टात एखादा कागद मागावा तसा. ती खाली पडली तेव्हा त्यांनी कमरेत लाथा घातल्या. मग तिचा मोबाइल घेऊन बसले आणि एकेक करून सगळं पाहिलं. रेवतीचं नाव त्यात नव्हतं, पण परदेशातला एक नंबर होता. त्यांनी तो लावला. पलीकडून "आई?" असा आवाज आला आणि त्यांनी फोन बंद केला.

ते पुन्हा जवळ आले. तिचा उजवा हात धरून त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फरफटत नेलं आणि हात चौकटीवर ठेवला. दार बसलं तेव्हा हाडाचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती किंचाळली, पण टीव्हीवर कसलीशी मॅच चालू होती.

"आपण जाऊ," ते म्हणाले. "एकोणीसलाच जाऊ. ती येईल ना तुला भेटायला. तिचा एक हात राहिलाय अजून."

आतापर्यंत प्रेमा मार संपायची वाट पाहत होती. तीस वर्षं तिनं तेच केलं होतं. ते दार पुन्हा ओढायला वळले तेवढ्यात तिनं हात सोडवला, सरपटत खलबत्त्यापाशी गेली आणि डाव्या हातानं लोखंडी बत्ता उचलून त्यांच्या गुडघ्यावर मारला. ते बसले. त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्याआधी आश्चर्य आलं. त्यांनी तिच्या गळ्याकडे हात नेला, तेव्हा तिनं त्या मनगटावर मारलं. मग परत गुडघ्यावर. ते थांब म्हणाले, पाया पडतो म्हणाले, तरी तिनं आणखी दोन घातले. पुढं तिनं पोलिसांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते दोन घाव स्वतःला वाचवायला नव्हते, ते मला मारायचेच होते, असं ती म्हणाली आणि जबाब लिहिणाऱ्या बाईनं पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं.

मागचं दार वाजत होतं. शेळीचं दूध घालायला येणारी भागाबाई दिवस कलायच्या आत यायची. तिनं बराच वेळ कडी वाजवली होती.

"बाई, दार उघडा. काहून असा आवाज येऊन राहिला?"

प्रेमानं दार उघडलं. भागाबाईनं तिचं तोंड पाहिलं, आत जमिनीवर कण्हणारे बंडोपंत पाहिले. डोक्यावरचा पदर काढून प्रेमाच्या कपाळावर दाबला. प्रेमा म्हणाली की आधी टीव्ही बंद कर. मग दोघी रिक्षात बसून दवाखान्यात गेल्या आणि तिथून ठाण्यात. बंडोपंतांना न्यायला दुसरी गाडी आली. त्यांची गुडघ्याची वाटी फुटली होती. त्यांनीही बायकोविरुद्ध तक्रार दिली, मुद्देसूद, तारीखवार. ठाण्यात ती लिहून घेणाऱ्यानं तक्रारीच्या मांडणीचं कौतुक केलं.

चिन्मय दुसऱ्या दिवशी पोचला. हे घरातल्या घरात मिटवू, तू पडलीस असं सांग, बाबाही तक्रार मागं घेतील, असं त्यानं आईला समजावलं. मी तो निरोप पाठवायलाच नको होता, असंही म्हणाला आणि रडला. प्रेमानं त्याला रडू दिलं.

"तू निरोप पाठवलास यात तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "हेडफोन लावून बसलास ते चुकलं. मी ओटा धरून उभी राहिले, ते माझं चुकलं. आता मी पडले म्हणणार नाही."

जामीन झाल्यावर चिन्मय बापाला घेऊन पुण्याला गेला. क्रूझ रद्द झाली. तिच्याविरुद्धही तक्रार होती म्हणून शाळेच्या संस्थेनं प्रेमाला खुलासा मागितला, आणि तिनं तो डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून दिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेवती आली. तिला घ्यायला बसस्टँडवर भागाबाई गेली. रेवती दारात थबकली, आईच्या प्लास्टरकडे, तुटलेल्या दाताकडे पाहिलं. जवळ आली नाही.

"हे तेव्हा का नाही केलंस?" तिनं विचारलं. "मी तुला हाका मारल्या होत्या. तीन वेळा दार आपटलं, तीनही वेळा मारल्या."

दोन महिने ठरवलेल्या बोलण्यातलं एकही वाक्य या प्रश्नाला पुरं पडलं नसतं.

"भ्याले होते," प्रेमा म्हणाली. "मला वाटलं, तुला मारून झालं की तो शांत होईल आणि मी वाचेन."

रेवती ओसरीवर बसली. रडली नाही, आईला जवळही घेतलं नाही. मग म्हणाली की मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, पण ठाण्यात तू सांगितलंस तसं मीही सांगणार, माझा जबाब कुठं द्यायचा ते दाखव. प्रेमानं चपला पायात सरकवल्या. उजवा हात गळ्यात अडकवलेला असल्यामुळे तिला कुलूप लावता येईना, तेव्हा रेवतीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि लावलं. दोघी गल्लीतून पुढंमागं चालत ठाण्याकडे निघाल्या. घराघरांतून माणसं बघत होती, आणि प्रेमानं पदर कपाळावर ओढला नाही.