बाकावरची अठ्ठेचाळीस मिनिटं

चौकात सरकारने कॅमेरा बसवला, त्याचं शिंपीणकाकूंना काही सोयरसुतक नव्हतं. चोरबीर सापडत असतील तर सापडू देत बापडे. शिवाय त्यांचे चिरंजीवच कॅमेऱ्याच्या कचेरीत पडद्यासमोर नोकरीला चिकटलेले, म्हणजे सगळा घरचाच कारभार.

पण परवा जेवता जेवता चिरंजीव मान खाली घालून म्हणाले, “आई, आज दुपारी बाकावर अठ्ठेचाळीस मिनिटं बसली होतीस. घड्याळजींबरोबर.”

काकूंचा हात ताटातच राहिला. दुपारी दुकान बंद केलं की समोरच्या बाकावर घडीभर टेकायचं, पलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींशी चार गोष्टी बोलायच्या. दोघांचेही जोडीदार जाऊन वर्षं लोटली होती. काकूंच्या अख्ख्या दिवसात तेवढंच काय ते स्वतःचं, आणि आता त्याचीही मिनिटं मोजून झाली.

“तीच दोन माणसं रोज अर्ध्या तासाहून जास्त एकत्र दिसली की मशीन यादीत टाकतं,” चिरंजीव पुटपुटले. “लेखी कारण द्यावं लागतं. नाहीतर साहेब बाकच उचलायला लावणार.”

बाक उचलणार म्हणे. काकूंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कचेरीत हजर. गळ्यात टेप, काखेत मापांची वही. साहेबांनी खुर्ची दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो काकू, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?”

“ते मात्र खरं हं,” काकू गोड आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. “तुमचा हा कोट मीच शिवलाय ना? थांबा, मोठ्याने वाचते. पोट, कंबर, आणि डाव्या खांद्यात कापूस किती भरलाय ते.”

चार टेबलांवरची टाइप करणारी बोटं थांबली. साहेबांनी पोट आत ओढलं.

“राहू द्या, राहू द्या.”

“का बरं? चाळीस वर्षांत याचं माप त्याला सांगितलं नाही मी. आणि तुम्ही माझं बसणं मोजता होय?”

साहेब चांगलेच वरमले. पण कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर मशीन पुढेच जात नव्हतं. “काहीही लिहा हो,” ते काकुळतीला आले. “तेवढी यादीतून सुटका करतो तुमची.”

खोटं लिहायचं काकूंच्या जिवावर आलं. त्यांनी पेन उचललं आणि आपल्या धंद्याच्या भाषेत सुचलं ते लिहून टाकलं: ‘अजून कच्चे टाके आहेत. पक्की शिलाई व्हायचीय. तोवर ज्याचं त्यालाच दाखवतात.’

लिहून झालं आणि त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. हे त्या आजवर स्वतःशीसुद्धा बोलल्या नव्हत्या.

साहेबांना वाटलं, कपड्यांचंच काहीतरी असेल. ते शिक्का मारून मोकळे झाले. कागद मात्र मशीनमध्ये भरायला चिरंजीवांच्याच टेबलावर गेला. शिंपिणीचं पोर ते, कच्चे टाके उसवतच मोठं झालेलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

“आई,” त्याने दाराशी पोचलेल्या काकूंना गाठून हळूच विचारलं, “घड्याळजींना माहीत आहे हे?”

“कुठलं माहीत? सरकारलाच आधी कळलं मेलं.” काकूंना हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. “आज दुपारी सांगीन म्हणते. काय उत्तर येतं देव जाणे. तेवढा वेळ तो डोळा जरा दुसरीकडे फिरव, बाबा.”

त्या दुपारी तासभर पडद्यावर बाकाऐवजी चौकातली एक भिंत दिसत होती. साहेब मागून आले, भिंतीकडे पाहिलं, चिरंजीवांकडे पाहिलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले.